हाक आणि हाकारा

तुम्हाला शेवटची हाक कोणी मारली होती? फोनची रिंग म्हणत नाही मी, दारावरची बेलही नाही. तुम्ही नजरेआड आहात हे ठाऊक असूनही कुणीतरी छातीत हवा भरून फक्त तुमच्यासाठी तोंड उघडलं, आणि तुमची ‘ओ’ येईपर्यंत ते माणूस तिथंच उभं राहिलं, असं शेवटचं कधी घडलं? आठवून बघा. मी थांबते.

मी राहते त्या वरठीत धुकं पडायला लागलंय. सकाळी कारखान्याच्या दिशेनं सायकली आणि मोटारसायकली निघतात तेव्हा माणसं दिसत नाहीत, नुसते पिवळे दिवे सरकताना दिसतात. जो तो हॉर्न वाजवतो. रेल्वेफाटकाच्या अलीकडे तर इतके हॉर्न एकदम वाजतात, की कोण कुणाला बाजूला हो म्हणतंय तेच कळत नाही. स्टेशनाकडून वारा आला की त्यात नव्या धानाचा वास असतो, किंचित ओला, किंचित गोड, गवतासारखा आणि भातासारखाही. तो वास आला की माझे पाय या रस्त्यावर राहत नाहीत. ते एकोडीच्या पुढच्या आमच्या गावात, कापलेल्या बांधीत, धानाच्या शेतात, जाऊन उभे राहतात. खाली धसकटं टोचत असतात, धसकटांच्या मधून लाखोरी डाळीचे कोवळे हिरवे अंकुर वर आलेले असतात, आणि पुढं, धुक्यात, कुणीतरी ओरडत असतं.

हाक आणि हाकारा. शब्दकोशात हे दोन शब्द भिंतीला भिंत लावून राहतात. एकाच घशातून निघतात. हाकारा म्हणजे पुष्कळ माणसांनी मिळून मारलेली मोठी हाक, अशीच माझी बरीच वर्षं समजूत होती. त्यात नवल नाही. मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं यायच्या आधी चळवळीची पत्रकं आली. बाबा साकोलीत नोकरीला होते, आणि सुट्टीच्या दिवशी पिशवीत पत्रकं भरून आठवडी बाजारात वाटत फिरायचे. गुलाबी नाहीतर पिवळा, पातळ, बोटांना शाई लागणारा कागद. मी अक्षरं त्याच कागदावर शिकले, त्यामुळे उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी ओळखता यायला लागलं. उठा! जागे व्हा! एक व्हा! जे खरं ते मोठ्यानं म्हणायचं असतं, आणि जितकं मोठ्यानं तितकं ते जास्त खरं, असं त्या कागदांनी मला शिकवलं होतं. त्या कागदांचे उपकार मी विसरलेली नाही. त्यांनीच मला ताठ उभं राहायला शिकवलं.

तो हंगाम आला तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाल्याला काही वर्षं उलटली होती. आमच्या गावामागचं जंगल मात्र एकच होतं. त्याचा अलीकडचा भाग आमचा आणि पलीकडचा दुसऱ्या जिल्ह्याचा, एवढंच कागदावर झालं होतं. भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाची कापणी सुरू होती. मी मोठीमायकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावजयीकडे, कापणीला आले होते. दिवसभर विळा चालायचा. संध्याकाळी पेंढ्या रचून पुंजणे उभे राहायचे, घरापेक्षा उंच, सोनेरी. दिवस मावळायला लागला की रानडुकरं जंगलातून उतरायची. मग प्रत्येक बांधीच्या कडेनं डबे वाजायचे. तेलाचे रिकामे डबे, फुटकी परात, थाळी, आणि त्यावर माणसांचा ‘हाऽऽ हुर्रे हाऽऽ’ असा ओरडा. डुकरं थबकायची आणि वळायची. मला त्या आवाजाचा अभिमान वाटायचा. आमच्या मुठीत एवढी ताकद आहे, असं वाटायचं.

मोठेबाबा, म्हणजे तिचे नवरे आणि बाबांचे थोरले भाऊ, तेव्हा दारात बसून असत. त्यांना विसर पडायला लागला होता. सकाळी जेवले की दुपारी विचारायचे, “आज भात नाही का रांधला?” मोठीमाय म्हणायची, “रांधला नं जी, तुमीच तं खाल्ला.” ते हसायचे. “मले नाही आठवत. मंग आता परत देजो, आठवन येईल.” आणि ती खरंच थोडासा परत वाढायची. घरातली नावं एकेक करून त्यांच्या हातून निसटत होती. मला ते कधी माझ्या आत्याच्या नावानं बोलवायचे, तर कधी नुसतंच “बाई”. पण त्यांचा खांदा काही विसरला नव्हता. उजव्या खांद्यावर अस्वलाच्या पंज्याचा जुना व्रण होता, आणि डबे वाजायला लागले की तो खांदा आपोआप वर उचलला जायचा. मी ते पाहत होते. अर्थ मात्र मला कळत नव्हता.

पेंढ्या बांधता बांधता मोठीमायनं मला हाकाऱ्याची गोष्ट सांगितली ती याच दिवसांत. मालगुजारीच्या काळात, आणि ती गेल्यावरही काही वर्षं, मालगुजाराकडे पाहुणे शिकारीला यायचे. आदल्या दिवशी चपराशी आमच्या मोहल्ल्यात येऊन सांगायचा, उद्या हाकारा. घरटी एक माणूस. मजुरी नाही, पायात काही नाही, हातात एक काठी आणि एक डबा. माणसांची लांबच लांब ओळ करायची, झाडांवर काठ्या आपटत, ओरडत, जंगल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झाडून काढायचं. दुसऱ्या टोकाला मचाणावर बंदूक बसलेली. ओळीतून मागं फिरायचं नाही, थांबायचं नाही, आजूबाजूचा आवाज पुढं गेला की आपणही पुढं जायचं. शिकार झाली की बंदूक जीपमध्ये बसून निघून जायची. ओळीतली माणसं जंगलातच. ज्याची त्यानं वाट शोधायची.

“मंग परत कोन आला, कोन नाही, कोनी पाहत नव्हतं?” मी विचारलं.

“कोन पाहील वो? आमी बाया पाहत होतो. तलावाच्या पाळीवर उभं राहून कान देत होतो. त्या कल्लोळात बी मी माह्या मानसाचा आवाज वेगळा काढत होती. आवाज आला का समजावं, जिता हाये.”

मग बौद्ध धम्माची दीक्षा झाली. त्यानंतर एकदा चपराशी आला, तेव्हा मोठेबाबांनी दारातूनच सांगितलं होतं, आता या मोहल्ल्यातून हाकाऱ्याला कोणी येणार नाही. ही गोष्ट मी आधी बाबांकडून ऐकली होती. बाबा ती पत्रकासारखी सांगायचे. मोठीमाय सांगायची तेव्हा त्यात एक वाक्य जास्त असायचं: “थो गेल्यावर तुह्या मोठेबाबाचे पाय लटलट कापत होते.” मला ते वाक्य बाबांच्या सगळ्या गोष्टीपेक्षा मोठं वाटायचं. अजूनही वाटतं.

आणि मग ती सकाळ.

उजाडलं तेव्हा मोठेबाबांची खाट रिकामी होती. चपला खाली, घोंगडी वर, काठी मात्र नाही. मोठीमायनं अंगणात, विहारामागं, खळ्यावर पाहिलं. कुठंच नाही. धुकं इतकं दाट होतं, की पुंजणेसुद्धा दिसत नव्हते. कापलेल्या बांधीवर दव पडून सगळं पांढरं झालं होतं आणि त्या पांढऱ्यातून एक काळसर रेघ गेली होती, सरळ, जंगलाकडे. माणूस अनवाणी चालत गेला की दव पुसलं जातं, त्याची ती रेघ. त्याच हंगामात बिबट्यानं गावातल्या दोन शेळ्या नेल्या होत्या. आणि जंगलात पुढं नाला होता, उभ्या दरडीचा. मोठेबाबांना आता पुढचं पाऊल आणि दरड यांतला फरक कळेलच असं नव्हतं.

गाव गोळा झालं. बाबा सुट्टीवर आले होते, तेही निघाले. जंगलात बिबट्या असताना आमच्याकडे कुणी मुकाट्यानं शिरत नाही. डबे आले, पराती आल्या, माझ्या हातात थाळी आली. तलावात मासे धरणारे सुकरूकाका ढीवर आपला जुना पिंप घेऊन आले आणि निघता निघता बाबांना म्हणाले, “भाऊ, बुढा शीव वलांडून गेला तं रिपोट कुठी द्याची? साकोलीले का तिकडल्या जिल्ह्यात?”

“आधी सापडू तं दे गा,” बाबा म्हणाले.

मोठीमाय घोंगडी खांद्यावर टाकून पुढं झाली. “जिल्हा तोडला तवा त्याइले कोनं पुसलं होतं? चाला.”

आम्ही ओळ केली. कुणी सांगितलं नाही, आपोआप झाली. डबे वाजायला लागले. ‘हाऽऽ हुर्रे हाऽऽ!’ मधूनच कुणी ‘दसरूदादा होऽऽ’ ओरडायचं, कुणी ‘मोठेबाबा’ म्हणायचं, पण ते डब्यांतच विरून जायचं. इतका आवाज, की माझ्या दातांत थाळी वाजतेय असं मला वाटत होतं. आणि मग, पुढून, धुक्याच्या आतून, तसाच आवाज आला. ‘हाऽऽ हुर्रे हाऽऽ.’ ठक, ठक. झाडावर काठी आपटल्याचा.

“पलीकडल्या गावचे बी निंगले वाट्टे!” कुणीतरी आनंदानं ओरडलं. हुरूप आला. दुप्पट जोरानं डबे वाजले. आम्ही पुढं गेलो. पुढचा आवाजही पुढं गेला. आम्ही पाय उचलले तसे त्यानंही उचलले. त्याच्यात आणि आमच्यात अंतर तेवढंच राहत होतं.

मोठीमाय जागीच थांबली. मी तिच्या बाजूलाच होते. तिनं मान थोडी तिरकी केली, डोळे मिटले. तलावाच्या पाळीवर ती अशीच उभी राहत असेल. मग ती वळली आणि जिवाच्या आकांतानं म्हणाली, “बंद करा!” कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं बाबांच्या हातातला डबा हिसकावला आणि खाली आपटला.

“थे पलीकडले नाहीत. थे हेच होत! भुलले नाहीत थे, हाकाऱ्यात चालून राहिले! तुमी वाजवता म्हनून थे पुढं जातेत. तुमीच त्याइले हाकलून राहिले, गा!”

“वहिनी, पुढं दरड हाये,” बाबांचा आवाज फाटला होता.

“म्हनूनच म्हनून राहिली, चूप राहा!”

एकेक डबा थांबत गेला. दूरच्या टोकाचा डबा शेवटी थांबला. त्यानंतर जी शांतता आली, तशी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. जंगल नुकतंच कुणीतरी आपल्या हातात दिलंय आणि ते अजून थरथरतंय, तशी. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, पानांवरून दव टपकत होतं. एक थेंब पडायचा, मग बऱ्याच वेळानं दुसरा. माझ्या थाळीत अजून गुणगुण शिल्लक होती. ती मी छातीशी धरून थांबवली. इतकी माणसं होती आणि धुक्यात फक्त श्वासांची वाफ दिसत होती.

पुढून पुन्हा आवाज आला. ‘हाऽऽ हुर्रे...’ पण आता त्याला साथ नव्हती. एकट्या म्हाताऱ्या घशाचा तो आवाज अर्ध्यावरच थांबला. आजूबाजूला ओळ नाही हे त्याला जाणवलं असावं.

मोठीमायनं हाक मारली.

“अजीऽऽ!”

एवढंच. नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी न घेतलेल्या बाईची हाक. आमच्या गावातल्या तिच्या वयाच्या साऱ्याच बाया आपापल्या नवऱ्याला अशाच बोलावतात. त्यामुळे झालं असं, की धुक्यात दोन-तीन माना वळल्या आणि सुकरूकाका सवयीनं “आँ?” म्हणून बसले.

“तुमाले नाही, सुकरूभाऊ,” मोठीमाय मान न वळवता म्हणाली. “तुमची बलावल तवा तुमी जा.”

हसू फुटलं आणि लगेच विरलं. पुढून काहीच आलं नव्हतं. थेंब पडला. अजून एक. शेजारच्या पोराचा हात डब्याकडे गेला. मोठीमायनं नुसता पंजा उचलला. मला राहवेना. “मोठीमाय, मार नं अजून एकदा,” मी कुजबुजले.

“एक पोचू दे, मंग दुसरी,” ती म्हणाली. “एकावर एक टाकली तं तिचा बी हाकाराच होते.”

ती थांबली. मला त्या वेळी वाटलं, की थांबणं हे काहीच न करणं नाही. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. घोंगडी धरलेली बोटं पांढरी झाली होती. आपला आवाज जंगलात पाठवून ती त्याच्या मागोमाग स्वतः चालत गेल्यासारखी दिसत होती, झाडामागून झाडामागे, त्याला शोधत. मग तिनं दुसऱ्यांदा हाक मारली. आवाज चढवला नाही. रोज दुपारी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून मारते तशीच.

“अजीऽऽ, या नंऽऽ! भात निवून राहिला!”

थेंब. थेंब.

“ओऽऽ,” धुक्यातून आवाज आला. “आलो, आलो.”

ते आले. आधी काठी दिसली, मग भिजलेलं धोतर, मग ते. पायांतून रक्त येत होतं, छाती वर-खाली होत होती, उजवा खांदा अजून उचललेलाच होता. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, सगळ्या ओळीकडे. आम्ही त्यांना कोण वाटलो, कुणास ठाऊक. त्यांनी विचारलं, “हाकारा सपला?”

“कवाचाच सपला जी,” मोठीमाय म्हणाली.

“मंग सारे आले का? लाइनीतले सारे? कोनी मांगं तं नाही राहिला नं जंगलात?”

जीपमध्ये बसून निघून गेलेल्या कुठल्याही बंदुकीनं हा प्रश्न विचारला नव्हता. तो विचारायचा राहिला होता, आणि सगळी नावं विसरलेल्या या माणसानं तेवढा एक प्रश्न धरून ठेवला होता. बाबांनी झाडाकडे तोंड फिरवलं. मोठीमायनं घोंगडी त्यांच्या अंगावर टाकली, खांदा नीट झाकला आणि म्हणाली, “सारे आले. तुमीच तेवढे बाकी होते.”

त्यानंतरही ते काही काळ जगले. हळूहळू बाकीचं सगळं गेलं, अगदी भातसुद्धा. पण ‘अजी’ म्हटलं की ‘ओ’ यायची. शेवटी शेवटी तो आवाज नव्हता, नुसते ओठ गोल व्हायचे. मोठीमायला तेवढं पुरत होतं.

त्या सकाळपासून हे दोन शब्द माझ्यासाठी शेजारी राहिले नाहीत. मी त्यांच्याकडे परत परत जाते, आणि प्रत्येक वेळी मला थक्क व्हायला होतं, की ही सगळी समज भाषेनं एवढ्याशा अक्षरांत ठेवलीच कशी. हाक मारली की ओ द्यायची असते. मराठीत हाकेला ओ आहे. हाकाऱ्याला नाही. हाकाऱ्याला उत्तर नकोच असतं, त्याला फक्त तुमची पाठ हवी असते. आवाज लहान की मोठा, हा त्यांच्यातला फरक नव्हेच. मोठीमायची हाक नाल्यापर्यंत गेली होती. फरक आहे तो आवाज संपल्यानंतरच्या शांततेत, आणि त्या शांततेत कुणी उभं आहे की नाही यात.

मी घोषणा सोडलेल्या नाहीत, सोडणारही नाही. बंद दारांसमोर ओरडावंच लागतं. धानात डुकरं शिरली तर त्यांना प्रेमानं नावं घेऊन बोलवायचं नसतं. पण आता मी प्रत्येक मोठा आवाज ऐकते तेव्हा ओळीतल्या माणसासारखा एक प्रश्न विचारते: पुढं मचाणावर कोण बसलंय? आपण ज्यांना पुढं पुढं हाकत नेतोय, त्यांना कुणाच्या समोर नेऊन सोडणार आहोत? वरठीच्या चौकातून भोंगा लावलेला ऑटो जातो. ‘बंधू-भगिनींनोऽऽ’ म्हणतो आणि आपल्या तोंडातून ओ निघायच्या आत पुढच्या चौकात पोहोचलेला असतो. तो कुठल्या रंगाचा आहे याच्याशी माझं भांडण नाही. आमच्या रंगाचाही असतो. मला राग येतो तो हाकाऱ्यानं हाकेचे कपडे घातल्याचा.

त्या हिवाळ्यानंतर बाबा बाजारात मूठ मूठ पत्रकं वाटेनासे झाले. एका दारात जायचे, नाव घेऊन हाक मारायचे, एक कागद द्यायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. समोरचा वाचायचा, कधी भांडायचा, कधी नुसतं पाणी द्यायचा. पिशवी संध्याकाळी जवळजवळ भरलेलीच परत यायची. मी एकदा चिडून म्हटलं, अशानं कसं होणार? बाबा म्हणाले, “एक पोचू दे, मंग दुसरं.”

आज सकाळीही धुकं आहे. फाटकाजवळ हॉर्न वाजताहेत. या धुक्यात तुमचंही कुणीतरी माणूस पुढं पुढं चालत गेलेलं असेल. भाऊ असेल, जुना सोबती असेल, मतावरून तुटलेली मैत्रीण असेल. तुम्ही त्याला समजावलंत, सुनावलंत, चार लोकांत बोललात, आणि जितकं बोललात तितकं ते दूर गेलं. दरड कुठं आहे ते त्याला दिसत नाही. कदाचित तुम्हालाही दिसत नाही.

म्हणून एवढं करा. आजच करा. हातातला डबा खाली ठेवा. त्या माणसाला एकदाच हाक मारा, रोज मारायचात तशी. ती पोहोचू द्या. आणि ओ येईपर्यंत जागचे हलू नका.